‘छान आहे’ याच्या पुढे वहीत काय लिहावे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही कादंबरी, कविता, आत्मचरित्र, इतिहास, विज्ञान, रहस्यकथा असे हाती येईल ते वाचता आणि पुस्तक संपले की वहीत अभिप्राय लिहून ठेवता. मात्र जुन्या नोंदी चाळताना ‘छान आहे’, ‘मनाला भिडले’, ‘एकदा वाचायला हरकत नाही’ हीच तीन-चार वाक्ये आलटून पालटून दिसतात. रहस्यकथेलाही तीच आणि आत्मचरित्रालाही तीच. त्यात थोर मानलेले एखादे पुस्तक आवडले नाही, तर तसे लिहिण्याचा धीर होत नाही. यावर उपाय म्हणून शब्दसंग्रह कसा वाढवावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या टेबलावर पुस्तक परत करताना वाचक काय बोलतात ते रोज कानांवर पडते आणि दर महिन्याला आमच्याकडे वाचकांची बैठक भरते, तिचे काम मी पाहते. त्या अनुभवावरून सांगते की तुमची अडचण शब्दसंग्रहाची नसावी. तुम्ही वहीत निकाल लिहिता, आणि निकालाला शब्द थोडेच लागतात: पास, नापास, काठावर पास. वाचताना मात्र त्या निकालाच्या आधी मनात पुष्कळ काही घडून गेलेले असते. एखाद्या पानावर राग आलेला असतो, कुठे चार पाने न वाचताच उलटलेली असतात, कुठे एखादे वाक्य घरच्यांना वाचून दाखवावेसे वाटलेले असते. हे घडलेले वहीत उतरत नाही, म्हणून सगळ्या नोंदी एकमेकींसारख्या दिसतात.

नोंद कशी असावी हे ती कोणासाठी लिहिता यावर पुष्कळ अवलंबून आहे. केवळ स्वतःच्या आठवणीसाठी लिहीत असाल, तर अर्धवट वाक्ये आणि पानांचे क्रमांक पुरतात. मित्रांना पुस्तक सुचवायचे असेल, तर ते कोणत्या वाचकाला मानवेल हे सांगावे लागते. पुस्तक कधी आणि कोणत्या अवस्थेत वाचले, यानेही फरक पडतो. सुगीच्या धांदलीत रोज रात्री दोन-दोन पाने वाचलेली कादंबरी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग वाचलेली तीच कादंबरी यांचा परिणाम एकसारखा होत नाही. म्हणून नोंदीच्या सुरुवातीला महिना आणि परिस्थिती एका ओळीत लिहावी, एवढे मी प्रत्येकाला सांगते. बाकी पद्धत ज्याची त्याने ठरवावी.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. वाचताना पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवते आणि मन जिथे हलले, अडखळले किंवा भरकटले, तिथला पान क्रमांक आणि त्यापुढे एखाददुसरे क्रियापद लिहिते: ‘थांबले’, ‘चिडले’, ‘पटले नाही’, ‘पुन्हा वाचले’, ‘कळले नाही’, ‘हसले’. ‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘वास्तवदर्शी’ यांसारखी विशेषणे चिठ्ठीवर लिहायची नाहीत, हा नियम मी पाळते. कारण विशेषण पुस्तकाला चिकटवता येते, क्रियापद मात्र वाचणाऱ्याला स्वतःबद्दल लिहावे लागते. पुस्तक संपल्यावर लगेच अभिप्राय लिहीत नाही. दोन-तीन दिवसांनी ती चिठ्ठी घेऊन बसते, त्या पानांवर परत जाते आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारते: हे माझ्या आयुष्यामुळे झाले, की लेखकाने इथे काही केले म्हणून झाले? बहुतेक वेळा उत्तर ‘दोन्हींमुळे’ असेच येते, तरी दोन्ही वेगवेगळे लिहून पाहिल्याने नोंदीत खरा मजकूर येतो.

उदाहरण घेते. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत भाव पडल्यामुळे शेतकरी आपलेच टोमॅटो बाजारात पायांखाली तुडवतो. आमच्या बैठकीत ही कथा वाचली गेली, तेव्हा जवळपास प्रत्येकाला स्वतःची गोष्ट आठवली. कोणी मोंढ्यातून, म्हणजे शेतमालाच्या बाजारातून, परत न्यायलाही न परवडलेल्या कांद्याबद्दल बोलले, कोणी पावसात भिजलेल्या सोयाबीनबद्दल. बराच वेळ असाच गेला आणि कथा बाजूलाच राहिली. या आठवणी गौण होत्या असे मी म्हणणार नाही. आमच्या भागातील वाचक ही कथा ज्या तयारीने वाचतो, ती तयारी दुसरीकडच्या वाचकाजवळ नसते. परंतु नंतर एका शेतकरी वाचकानेच विचारले की, माल मातीमोल होताना मी अनेकदा पाहिला आहे, मग तो पाहताना जे झाले नाही ते वाचताना का झाले? त्या प्रश्नानंतर सगळे कथेकडे परतले. गिऱ्हाइकाची वाट पाहणे, भावाची घासाघीस, उतरत जाणारा दिवस यांतून ताण कसा चढत जातो आणि तुडवण्याची कृती आली की तो कसा फुटतो, हे लोक पाने उलटून दाखवू लागले. त्या वाचकाने वहीत जे लिहिले असेल, त्यात मोंढाही असेल आणि कथेची बांधणीही असेल. मला अपेक्षित असलेली नोंद अशी आहे.

ग्रामीण साहित्य वाचताना आपल्या भागातील वाचकाने एक सावधगिरी बाळगावी असे मला वाटते. ‘हे तर आमच्याच गावचे आहे’ हे वाक्य मनात आले की प्रतिक्रिया तिथेच थांबते. ओळखीचा आनंद खरा असतो, पण तो पुस्तकाच्या दारातला आनंद आहे, आणि आत जायचे बाकी असते. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही 1971 सालची कादंबरी शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्या बोलीत येते. आमच्याकडचा वाचक बोली ओळखून सुखावतो. त्यापुढे त्याने स्वतःला विचारावे की, हीच कहाणी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या तोंडून आली असती, तर मला काय दिसले नसते? मी हा प्रश्न बैठकीत विचारते, तेव्हा बायका पटकन उत्तरे देतात. पुरुष वाचक आधी गप्प राहतात आणि मग हळूहळू बोलू लागतात. कादंबरीच्या नोंदीत कथानकाचा सारांश चार ओळींपेक्षा जास्त देऊ नये. सांगणारा कोण आहे, त्याच्यावर आपला विश्वास कधी बसला आणि कुठे डळमळला, हे लिहावे.

कवितेबद्दल मात्र उलट सांगते: तिथे अर्थ लिहिण्याची घाई करू नये. शाळेतील रसग्रहणाच्या सवयीमुळे आपण ‘कवीला असे म्हणायचे आहे की’ अशी सुरुवात करतो आणि कविता हातची सुटते. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ 1967 साली आल्या. त्यांतील शब्द शेतीचे, पावसाचे आणि पिकांचे आहेत, तरी त्या डोळ्यांनी भरभर वाचल्या तर काहीच हाती लागत नाही. मोठ्याने वाचा. आवाज आपोआप कुठे संथ झाला, कुठे श्वास पुरला नाही, कोणती ओळ दुसऱ्या दिवशी काम करताना ओठांवर आली, हे टिपून ठेवा. ओळ पाठ झाली असेल, तर तीच तुमची प्रतिक्रिया आहे. ती तशीच उतरवून खाली तारीख घालावी. संग्रहातील सगळ्या कवितांबद्दल मत असायलाच हवे असेही नाही.

आत्मचरित्राबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण वाचक तिथे सर्वांत जास्त हळवा असतो आणि सर्वांत जास्त अन्यायही तिथेच करतो. दया पवारांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन 1978 साली प्रसिद्ध झाले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकाच माणसाने सांगणारा आणि ऐकणारा अशी स्वतःची वाटणी केलेली आहे. या पुस्तकावर बोलताना एका वयस्कर वाचकांनी सांगितले की आमच्या गावात इतके नव्हते. त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुण शिक्षकाने शांतपणे विचारले, “काका, तुमचे घर गावात कोणत्या बाजूला होते?” पुढे कोणी आवाज चढवला नाही. काकांनी थोड्या वेळाने स्वतःच सांगितले की गावकुसाबाहेरच्या वस्तीत ते लहानपणी कधी गेलेच नव्हते. मला वाटते, अशा पुस्तकावर लिहिताना आपण कोणत्या जागेवरून वाचतो आहोत हे नोंदीत आले पाहिजे. आपण कोणत्या जातीत आणि कोणत्या गल्लीत वाढलो, आपल्याला काय पाहायला मिळाले आणि काय पाहावे लागले नाही, हे मान्य केल्याशिवाय ‘अंगावर काटा आला’ हे वाक्य अपुरे राहते. दुःखाचे वर्णन वाचून रडू येणे स्वाभाविक आहे. पण ते रडू शरमेचे आहे, ओळखीचे आहे की केवळ दयेचे आहे, हे प्रामाणिकपणे लिहिले, तर तीच नोंद पुढे कधीतरी तुम्हाला स्वतःविषयी सांगेल. त्यासोबत लेखक कुठे मौन बाळगतो आणि स्वतःला कुठे माफ करतो किंवा करत नाही, याकडेही लक्ष असू द्या.

इतिहास वाचताना मराठवाड्यातील वाचकासमोर एक खास पेच असतो. मराठवाडा ज्याचा भाग होता ते निजामाचे हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात आले, आणि त्या काळाच्या गोष्टी आपल्या घराघरांत अजून सांगितल्या जातात. काही घरांत रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, दहशतीच्या आठवणी आहेत, काही घरांत पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे भारतीय सैन्याच्या कारवाईनंतरच्या, दिवसांतील भीतीच्या आहेत, आणि सीमेवरील छावण्यांचा अभिमानही आहे. अशा घरातून आलेला वाचक अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हाती घेतो, तेव्हा आजोबांनी सांगितलेले आणि पुस्तकात छापलेले यांची मनात सतत तुलना चालू असते. अशा वाचकाला मी वहीच्या पानाचे उभे दोन भाग करायला सांगते. डावीकडे पुस्तक काय म्हणते आणि कशाच्या आधारे म्हणते, उजवीकडे घरी काय ऐकले आणि कोणाकडून ऐकले. जुळले नाही तर लगेच कोणालाही खोटे ठरवू नये. आजोबांनी स्वतः पाहिले होते की ऐकले होते, लेखक स्वतः त्या लढ्यात होता की नंतर कागदपत्रे वाचून लिहितो आहे, हे शोधत गेल्यावर काही विसंगती मिटतात आणि काही उरतात. उरलेल्या विसंगती वहीत तशाच ठेवाव्यात, पुढच्या पुस्तकाच्या वेळी त्यांचा उपयोग होतो.

विज्ञानाच्या पुस्तकाला ‘माहितीपूर्ण’ म्हणून लोक मोकळे होतात, याचे मला वाईट वाटते. जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ वाचल्यावर नोंद करायची असेल, तर एखादी संकल्पना पुस्तक मिटून स्वतःच्या मराठीत दहा ओळींत लिहून पाहावी. जिथे लेखणी अडते, तिथे एक तर आपली तयारी कमी पडली असते किंवा लेखकाने एक पायरी गाळलेली असते. पुन्हा ते प्रकरण वाचले की यांपैकी काय झाले हे बहुधा कळते. नारळीकरांनी विज्ञानकथाही लिहिल्या आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्रही लिहिले, ज्याला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेगवेगळ्या प्रकारांना वेगवेगळे प्रश्न कसे विचारायचे, याचा सराव करायचा असेल, तर मी हाच लेखक सुचवते. लेखनकर्ता एकच असल्यामुळे, तिन्ही पुस्तकांवरील तुमच्या नोंदींत जो फरक पडेल तो साहित्यप्रकारामुळेच पडलेला असेल. कथेत वैज्ञानिक कल्पना माणसांच्या वागण्यात कितपत मुरली आहे हे पाहायचे, माहितीपर पुस्तकात स्पष्टीकरण पोहोचले का हे पाहायचे, आणि आत्मचरित्रात बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार ठिकाणांनी माणूस कसा घडला हे पाहायचे.

रहस्यकथेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. शेवट कळल्यावर मागे जाऊन धागेदोरे आधीच दाखवले होते का ते तपासा, आणि नोंद दुसऱ्याला दाखवणार असाल तर गुन्हेगाराचे नाव लिहू नका. भाषांतरित पुस्तकात मूळ लेखकाइतकेच भाषांतरकाराचे नावही नोंदवावे, आणि वाक्य खटकले तर ते कोणाचे आहे याचा विचार करून मगच दोष द्यावा.

जुन्या मराठीतील गद्य मात्र स्वतंत्रपणे हाताळावे लागते. ‘लीळाचरित्र’ हा चक्रधरस्वामींच्या आठवणींचा, आपल्या पैठणच्या परिसराशी जोडलेला, तेराव्या शतकातील ग्रंथ आहे, आणि तो हाती घेणाऱ्या बहुतेक वाचकांची पहिली नोंद ‘भाषा कळत नाही’ अशीच असते. ही नोंद खरी आहे, तिच्याबद्दल संकोच नको. तळटीपा असलेली आवृत्ती घ्यावी, एका बैठकीत दोन-तीनच लीळा मोठ्याने वाचाव्यात आणि काय बदलले ते आठवड्याने पुन्हा लिहावे. छोटी वाक्ये, भिक्षेचे आणि जेवणाचे प्रसंग, लोकांचे साधे प्रश्न हे सगळे कानांवर पडू लागले की भाषेचे परकेपण ओसरते, असा अनुभव आमच्या बैठकीतील वाचकांनी सांगितला आहे. घरी ज्ञानेश्वरीचे पारायण होते, त्या वाचनाला मात्र मी या वहीत आणत नाही. तिथे वाचणाऱ्याचा हेतू मत बनवण्याचा नसतो, आणि तो हेतू जपला पाहिजे.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, चिठ्ठीवर पान आणि क्रियापद लिहा, दोन-तीन दिवस थांबा, आपले आयुष्य आणि लेखकाची करामत वेगवेगळी नोंदवा, आणि प्रत्येक साहित्यप्रकाराला त्याचा प्रश्न विचारा. आता राहिला भीतीचा मुद्दा.

थोर मानलेले पुस्तक आवडले नाही, या एका वाक्यात चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. पुस्तक कळले नसेल, पुस्तकाचे म्हणणे पटले नसेल, म्हणणे पटूनही लिखाण कंटाळवाणे वाटले असेल, किंवा पुस्तक पूर्ण वाचलेच नसेल. यांतील नेमके काय झाले ते लिहिले की भीती बरीचशी निघून जाते, कारण मग तुम्ही लेखकाच्या थोरवीबद्दल काहीच बोलत नसता. ‘पान 120 नंतर वाचू शकलो नाही, कारण नायकाच्या प्रत्येक कृतीचे समर्थन लेखक स्वतःच करू लागला’ असे वाक्य लिहिणाऱ्याला कोणी उद्धट म्हणणार नाही. ते खोडायचे असेल, तर समोरच्याला पुस्तक उघडावे लागेल. वाचकांची भांडणे अशीच व्हावीत, असे मला मनापासून वाटते.

या बाबतीत आपल्या नांदेडचे विचारवंत आणि समीक्षक नरहर कुरुंदकर यांचा आधार घ्यावा. रणजित देसाईंना त्यांनी लिहिलेले प्रदीर्घ पत्र देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलेले आहे. शिवाजी महाराजांसारख्या विषयावर, लोकप्रिय लेखकाला लिहिताना, कोणत्या गोष्टीला कागदाचा आधार आहे, कुठे मतभेद आहेत आणि आपण कोणत्या बाजूला का झुकतो, हे ते एकेक मुद्दा घेऊन सांगत जातात. त्यात लेखकाविषयी जिव्हाळा आहे, तरी मत सौम्य करून सांगण्याची धडपड नाही. कादंबरी वाचून झाली असली, तरी ती प्रस्तावना वेगळी काढून पुन्हा वाचा, अशी शिफारस मी ग्रंथालयातील तरुण वाचकांना नेहमी करते.

आणखी एक गोष्ट. जुनी नोंद खोडू नये. तेच पुस्तक काही वर्षांनी पुन्हा वाचले आणि मत बदलले, तर जुन्या नोंदीच्या खाली नवी तारीख घालून नवी नोंद लिहावी. विद्यार्थीदशेत डोक्यावर घेतलेली कादंबरी संसाराला लागल्यावर पोकळ वाटते, आणि तेव्हा रटाळ वाटलेली एखादी आता सोडवत नाही. दोन्ही नोंदी शेजारी असल्या की आपल्यात काय बदलले ते दिसते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे सांगितले आहे. ग्रंथालयात काम करताना मला असे दिसते की तोच वाचक काही वर्षांनी त्याच पुस्तकाचा वेगळा वाचक होऊन येतो. म्हणून न आवडलेले पुस्तकही मी कोणाला कायमचे बाद करू देत नाही.

तुम्ही शेवटी विचारले आहे की अशी वही दुसऱ्यांना वाचून दाखवावी का. वैयक्तिक भाग घरीच ठेवा आणि पुस्तकाकडे बोट दाखवणारा भाग बैठकीत वाचा. आत्मचरित्रावरील नोंदींत घरातील किंवा गावातील माणसांची नावे आली असतील, तर वाचताना ती वगळा. तुमच्या गावात वाचकांची बैठक होत नसेल, तर जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा; ग्रंथपालाला दोन-तीन वाचक सोबत मिळाले तरी सुरुवात होते, जागा आणि पुस्तके तिथे असतातच. पहिल्या बैठकीला सगळ्यांनी एकच कथा वाचून यावे, कादंबरी नको, म्हणजे न वाचता आलेल्यालाही तिथेच बसून वाचता येईल. तोपर्यंत तुमच्या वहीतील ज्या पुस्तकांपुढे नुसते ‘छान आहे’ लिहिलेले आहे, त्यांतील एक पुस्तक पुन्हा काढा, कोरी चिठ्ठी ठेवून पहिली पन्नास पाने वाचा आणि काय लिहिले गेले ते मला कळवा.